करंजपाड्याच्या बावीस बाटल्या

बोईसर,
९ जानेवारी १९६८

प्रिय उषा,

तुझं पाकीट शनिवारी मिळालं. पत्र एका पानाचं आणि छापील कागद अकरा. हे अजून कच्चं छापलेलं आहे, चुका दुरुस्त करून महिन्याभरात परत पाठवायचं आहे, पण सगळ्यात आधी आईच्या हाती पडावं असं वाटलं, असं तू लिहिलंस. वर तीन नावांत तिसरं तुझं, बाबांच्या नावासकट. मी ते कागद थोडा वेळ बाबांच्या फोटोपुढे ठेवले. मग चष्मा पुसून ओसरीवर वाचायला बसले. तक्ते मला कळत नाहीत, ते सोडून दिले. बाकीचं जमलं. बांद्र्याच्या नन्सनी इंग्रजी असं घोटून घेतलं होतं की चाळीस वर्षांनंतरही वाक्य कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते दिसतं. तिसऱ्या पानाच्या तळाशी, अगदी बारीक टाइपात, एक टीप आहे. करंजपाड्याच्या स्त्रियांनी दिलेले नमुने खोटे निघाले, तिथल्या स्त्रिया विश्वासपात्र नाहीत असं आढळलं, म्हणून तो पाडा या मोजणीतून आणि पुढच्या पाहणीतूनही वगळला आहे. ती ओळ मी चारदा वाचली. इंग्रजी येत नसतं तर बरं झालं असतं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

तिथे आता बर्फ असेल. तुझी खोली गरम राहते ना? इकडे यंदा थंडी अशी पडलीच नाही. बोईसर तू गेलीस तेव्हाचं राहिलं नाही. अणुकेंद्राच्या इमारती आता तारापूरच्या वाटेवरून लांबूनच दिसतात, आणि सरावलीत ज्याच्याकडे एक खोली जास्त होती त्याने ती कामगारांना भाड्याने दिली आहे. बाजारात भाजीवाली माझ्याशीसुद्धा आधी हिंदीत बोलते. बाबांच्या मीठखात्याच्या कचेरीत हल्ली सिमेंटच्या गोणी ठेवतात. आपली ओसरी मात्र तशीच आहे. तू जिथे तुझं टेबल मांडायचीस तिथे शहाबादी फरशीवर ॲसिडचे चार डाग अजून आहेत. मी ते घासत नाही.

तो हिवाळा मला फार आठवतो, उषा. चौसष्ट सालचा डिसेंबर. तू डॉक्टर होऊन घरी आलेली, मुंबईच्या संस्थेची जीप दाराशी उभी, आणि भिका ड्रायव्हर तुला ‘म्याडम’ म्हणाला की मी आत जाऊन हसायची. खरजेचे फोड होऊन गेल्यावर मुलांचे डोळे का सुजतात, त्यांच्या मूत्रपिंडांना नेमकं काय होतं, आणि किती मोठ्या माणसांत हा आजार मुकाट्याने वाढत असतो, हे तुम्ही गावोगाव शोधत होता. सकाळी बाटल्या यायच्या. तू नळीत लघवी घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर वरचा भाग तापवायचीस आणि ॲसिडचे दोन थेंब टाकायचीस. बहुतेक नळ्या स्वच्छ राहायच्या. एखाद्या नळीत वर पांढरट ढग जमायचा, आणि तू माझ्याकडे न बघताच म्हणायचीस, आई, हे बघ, याच्यातून अंगातलं सत्त्व गळतंय. पाड्यावरच्या बायका त्याला ‘नासला’ म्हणायच्या. दूध नासतं तसं. मला तुझ्या शब्दापेक्षा त्यांचा शब्द जास्त कळायचा.

माझ्यावर त्या बायकांचा विश्वास होता तो तुझ्यामुळे नव्हे, गंधकाच्या मलमामुळे. दर गुरुवारी मी करंजपाड्यावर डबा घेऊन जायची आणि पोरांच्या बोटांच्या बेचक्यांत मलम चोळायची. म्हणूनच तुझ्या मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं की पाड्याच्या बायकांचं काम तुझ्याकडे, आणि बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या लिहिण्याचं माझ्याकडे. माझं अक्षर बघून ते म्हणाले होते, मिसेस सावे, असं अक्षर आमच्या कचेरीत कोणाचंच नाही. मी किती सुखावले होते. सिस्टर आमच्या बोटांवर पट्टी मारून वळण घ्यायला लावायची, त्याचा आयुष्यात कुणाला तरी उपयोग झाला होता.

साठ बायका हव्या होत्या. अडतीस झाल्या आणि तू तापाने पडलीस. तुला आठवतं, एकशे तीन ताप होता आणि तू त्या तापातही म्हणत होतीस, शनिवारी जीप परत जाणार, साठ झाले नाहीत तर सर म्हणतील, म्हणूनच बायकांना या कामावर घेऊ नये म्हणतात. हे वाक्य त्यांनी तुला खरंच ऐकवलं होतं की तू तापात बोलत होतीस, मला माहीत नाही. मी तुझ्या कपाळावर मिठाच्या पाण्याची घडी ठेवली, उरलेल्या बावीस बाटल्यांची पेटी उचलली आणि भिकाला म्हटलं, चल.

चिठ्ठ्या मी आदल्या दिवशीच लिहून चिकटवल्या होत्या. बावीस बाटल्या, बावीस नावं. पाड्यावर पोहोचले, पेटी उघडून चिठ्ठीवरचं पहिलं नाव वाचलं, तर बायका दोन पावलं मागे सरल्या. तुझ्याबरोबरच्या अडतीस जणी सड्याकडच्या, वरच्या माळावरच्या घरांतल्या होत्या. त्यांची भरलेली बाटली तू माझ्याकडे द्यायचीस आणि नावाची चिठ्ठी मी जीपमध्ये, त्यांच्या नजरेआड चिकटवायची. या नदीकडच्या. त्यांनी आधीच नाव चिकटवलेली रिकामी बाटली पाहिली. म्हातारी भागी पुढे झाली आणि म्हणाली, “मूत न्या बाय, मुताचा काय! पर नाव नका नेव. नाव न् मूत एका बाटलीत घातला, न् कोना भगताच्या हाती गेला, त मंग आमचा काय?” भगताने करणी करायला माणसाच्या अंगातलं काहीतरी लागतं आणि त्याचं नाव लागतं. आम्ही दोन्ही एकत्र बंद करून, वर बूच लावून, मुंबईला न्यायला निघालो होतो. आज वाटतं, नावाऐवजी आकडे लिहिले असते तर? एक, दोन, तीन. एवढंच करायला हवं होतं. पण तुमच्या फॉर्मवर ‘नाव’ असा रकाना होता, आणि मी रकाने भरायला शिकलेली बाई.

नवसी हसत होती. भागीची लेक. आपल्याकडे भात कांडायला यायची, तुला ‘धाकली बाय’ म्हणायची. तिची पोर जिवली काखेत होती, तीन वर्षांची. नवसी म्हणाली, “आये भितेस काय गं? मी नवसाची. मना काय नाय व्हनार.” भागीची चार मुलं जाऊन ही नवसाने झालेली, म्हणून नाव नवसी. तिला कोणाची नजर लागत नाही, कोणाची करणी बाधत नाही, हे सगळ्या पाड्याला मान्य होतं. तिने तिच्या नावाची बाटली उचलली आणि करंजाच्या झाडामागे गेली. उरल्या एकवीस. सूर्य वर चढला होता. घरी तू एकटी तापात होतीस.

मी पेटी घेऊन पाड्यावर गेले, एवढंच तुला माहीत आहे. पुढचं मी तुला वेगळं सांगितलं होतं.

मी नवसीला बाजूला घेतलं आणि म्हटलं, नवसी, तूच भर की बाकीच्या. पाणी पी, आणि भर. तुला तर काही होत नाही. उषाचं काम होऊन जाईल. हे मी म्हटलं, उषा. मी. तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर पदर धरून हसत सुटली. “मोठी बाय, एक बाई बावीस बायांचा मुतनार? आंगात काय हीर हाय का माझ्या?” मग दोन तांबे पाणी प्यायली, आणि तासाभरात ते काम केलं. एका मडक्यात सगळं एकत्र करून आम्ही दोघींनी चमच्याने बाटल्या भरल्या. प्रत्येकीत चार-पाच चमचे. बायका गोल करून बघत होत्या आणि हसून हसून वाकत होत्या. आपापल्या नावाची बाटली नवसीच्या मुताने भरली की त्या मोकळ्या व्हायच्या, कारण नाव त्यांचं पण अंग दुसऱ्याचं, म्हणजे करणी कोणालाच लागायची नाही. मीही हसले. शाळेत सिस्टरची पाठ वळल्यावर हसायचो तशी. मडक्यात फेस आला होता, आणि तो बसत नव्हता. भिका पेटी उचलताना म्हणाला, “बाईसाहेब, ताडी भरली का काय? काय फेस आलाय!” त्यावर पुन्हा सगळ्या हसल्या. तो फेस मी डोळ्यांनी पाहिला. न बसणारा फेस म्हणजे सत्त्व गळण्याची खूण, हे तू मला आदल्याच आठवड्यात सांगितलं होतंस. मी ऐकलं होतं. पण ती नवसी होती, तिला काही होणार नव्हतं, आणि मला घरी जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तुझा ताप उतरला आणि तू टेबलाशी बसलीस. पहिली नळी नासली. दुसरी नासली. पाचवीला तू उभी राहिलीस. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. बाविसावी झाली तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तुझ्या लग्नातही पाहिलं नाही. आई, अख्खा पाडा! आई, इथे काहीतरी आहे, पाण्यात असेल, मातीत असेल, हे कोणीच पाहिलेलं नाही! तू मला धरून गरकन फिरवलंस. सांगायला मला तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, आधी चार घास खाऊन घे.

शुक्रवारी मोठे डॉक्टर आले. त्यांनी तुझ्या नळ्या बघितल्या. पेटीतून लघवी किती दाट आहे ते सांगणारा काचेचा लहानसा तरंगता मापक काढला आणि एकेका बाटलीतली लघवी अरुंद भांड्यात ओतून त्यात सोडला. तो प्रत्येक वेळी त्याच रेघेवर थांबला. सहावीनंतर त्यांनी तो पुसून पेटीत ठेवला आणि हसून म्हणाले, डॉक्टर सावे, या बावीस बायका म्हणजे एकच बाई आहे. भिका बाहेर जीपला टेकून उभा होता, त्याने मान खाली घातली. तू माझ्याकडे वळलीस. आई, बाटल्या तुझ्यासमोर भरल्या ना? आणि मी, उषा, सरळ तुझ्या डोळ्यांत बघून म्हटलं, मी बाहेर उभी होते, आत त्यांनी काय केलं ते मला कसं कळणार?

तू त्याच दुपारी पाड्यावर गेलीस. मी बरोबर होते. तू रागावून बोललीस, आणि तुझा राग खरा होता, त्यात काही चूक नव्हती. तुमच्यासाठी आम्ही मरतो आणि तुम्ही मला फसवता? बायका जमिनीकडे बघत होत्या. एकीनेही माझ्याकडे बोट केलं नाही. एकवीस जणी, आणि त्यातल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. नवसीने फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं, अगदी थोडं, मी काही बोलते का हे बघण्यापुरतं. मग ती तुला म्हणाली, “हां धाकली बाय, आमीच केला. आमाला लाज वाटली. तू रागवू नको.” तुझ्या छापील कागदात विश्वासपात्र नाहीत असं ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे त्या या बायका. त्या ओसरीवर आणि त्या पाड्यावर खोटं बोललेली बाई एकच होती, आणि तिचं अक्षर फार सुंदर होतं.

तू चांगली डॉक्टर आहेस. हे मी आई म्हणून लिहीत नाही. त्या संध्याकाळी डोळे पुसून तू म्हणालीस, पण आई, जिने भरल्या ती एक तर खरोखर आजारी आहे. ती कोण? मोठ्या डॉक्टरांनी हा प्रश्न विचारला नाही, तू विचारलास. मी म्हटलं, मला नाही माहीत, मी हळूहळू काढून घेते. कारण नाव सांगितलं असतं तर मला ते कसं माहीत, हेही सांगावं लागलं असतं. मी मनाशी ठरवलं की तू मुंबईला परत गेलीस की नवसीला गुपचूप तालुक्याच्या दवाखान्यात नेईन. तू शनिवारी जीपबरोबर गेलीस. गुरुवारी मी मलमाचा डबा घेऊन पाड्यावर गेले, तर घराच्या दाराला झावळ्यांचं झाप लावलेलं. नवसी, तिचा नवरा आणि पोर मिठागरावर कामाला निघून गेली होती, दातिवऱ्याच्याही पलीकडे. दरवर्षीच जातात. ती आता जेठात परत येतील, असं भागी म्हणाली. मी निरोप पाठवू शकले असते. बाबांचं अर्धं आयुष्य मीठखात्यात गेलं, त्या किनाऱ्यावरचा एकेक मुकादम आपल्याला ओळखत होता. एक चिठ्ठी पुरली असती. मी म्हटलं, जेठ काही फार लांब नाही.

ती आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. तोंड सुजून गोल झालेलं, पायात बोट रुतत होतं. पाच महिने ती रोज घोटाभर खाऱ्या पाण्यात उभी राहून मीठ ओढत होती, आणि मीठ लावलेल्या सुक्या मासळीशी भाकर खात होती. तू तेव्हा विलायतेच्या तयारीत होतीस. मी तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं, माझी कोणी लांबची आहे असं सांगून. तिथला तरुण डॉक्टर सज्जन होता. तो म्हणाला, दोन्ही मूत्रपिंडं आकसली आहेत, आता हातात फारसं नाही. सहा महिने आधी आणली असती तर? मी इंग्रजीत विचारलं. तो म्हणाला, कदाचित. तेव्हापासून हा एक शब्द माझ्याबरोबर राहतो. कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित तिला मिठागरावर जाऊ दिलं नसतं, गोळ्या दिल्या असत्या, आणि ती चार वर्षं, दहा वर्षं जगली असती. तू डॉक्टर आहेस, तुला त्या शब्दाची लांबी माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. मला सांगू नकोस.

घरी आल्यावर मीठ बंद. तुला पत्रांतून मी एवढंच कळवलं होतं की नवसी आजारी आहे आणि आपल्याकडेच असते. मी तिला मागच्या खोलीत ठेवलं आणि दोघींसाठी आळणी शिजवायला लागले. तिने पहिला घास तोंडात घेतला आणि माझ्याकडे बघितलं. “बाय, आमी गुरांना पन मीठ घालतो गं.” मी म्हटलं, मीही हेच खाते आहे. “तू कशाला? तुझा काय नासलाय?” मी पुढचा घास घेतला. त्यापुढे ती कधीच काही विचारायची नाही, उषा. त्या बाटल्यांचा विषय तिने एकदाही काढला नाही. मी मात्र रोज संध्याकाळी तिच्या पायांना तेल लावताना तोंड उघडायची आणि मिटायची. शाळेत शनिवारी दुपारी ख्रिस्ती मुली रांगेने चॅपलमध्ये कन्फेशनला, जाळीपलीकडच्या फादरला आपली पापं सांगायला जायच्या आणि आम्ही दोघीतिघी हिंदू मुली बाहेर पायरीवर चिंचा खात बसायचो. त्या बाहेर यायच्या तेव्हा त्यांचे चेहरे असे हलके असायचे, की मला हेवा वाटायचा. मला वाटायचं, जाळीपलीकडे कोणीतरी बसलेलं असलं की बोलणं सोपं जात असेल. नवसीच्या आणि माझ्यामध्ये जाळी नव्हती, म्हणून मी बोलले नाही.

ती माघात गेली. शेवटचे आठ दिवस तिच्या तोंडाला लघवीसारखा वास यायचा आणि तिला स्वतःलाच त्याची लाज वाटायची. शुद्ध होती तेव्हा एकदा म्हणाली, “आये त म्हनायची मना काय नाय व्हनार.” तक्रार नव्हती तिच्या आवाजात. नवल होतं. मी तुला लिहिलं, नवसी वारली, आणि तू किती छान उत्तर पाठवलंस, तिचं हसणं आठवून. ते पत्र मी पुन्हा उघडलं नाही. बाराव्याला पाड्यावर गेले तेव्हा भागी दारात बसली होती. ती म्हणाली, “बावीस जनींच्या नावाचा तिनं एकलीनं घेतला, बाय. नवसाची व्हती, म्हनून वरीसभर तरी टिकली.” पाड्याचा हाच समज आहे. मी शिकलेली बाई, मी त्यांना सांगायला हवं होतं की तसं काही नसतं. पण मला त्यांच्या बोलण्यात खोटं काही सापडलं नाही.

आता मला ज्यासाठी बसले ते लिहायला हवं. तुझ्या मोठ्या डॉक्टरांचं मला डिसेंबरात पत्र आलं. पाहणीची दुसरी फेरी पुढच्या महिन्यात सुरू होते. या वेळी लहान मुलं बघणार, आणि ज्यांच्या नळीत ढग येईल त्यांना मुंबईच्या वॉर्डात महिनोन्‌महिने ठेवून नव्या गोळ्या देणार, सगळं संस्थेकडून. तुमचं अक्षर अजून आठवतं, चिठ्ठ्या लिहाल ना, असं त्यांनी विचारलं आहे. सोबत गावांची यादी आहे. नवापूर आहे, सरावली आहे, करंजपाडा नाही. का नाही, ते मला शनिवारी तुझ्या टिपेवरून कळलं. जिवली आता सहा वर्षांची आहे. दिवाळीनंतर तिला खरजेचे फोड झाले, मग सकाळी डोळे सुजायला लागले. तू ठेवून गेलेला दिवा, दोन नळ्या आणि ॲसिडची तपकिरी बाटली मी ट्रंकेत जपून ठेवली होती. गेले पाच गुरुवार मी तिची नळी तापवते आहे. पाचही वेळा नासली. पालघरच्या डॉक्टरने दोन वेळा औषध दिलं. तो स्वतःच म्हणतो, हिला त्या वॉर्डात घेतलं पाहिजे, इथे माझ्याकडे काही नाही. आणि वॉर्डात फक्त यादीतल्या गावांची मुलं. ती टीप पुसली गेल्याशिवाय जीप पाड्यावर जाणार नाही, उषा. म्हणून तू कागद परत पाठवण्याआधी ती ओळ खोड, आणि तिथे खरं काय झालं ते लिही: नमुने त्या स्त्रियांनी नव्हे, ते गोळा करणाऱ्या बाईने बिघडवले. ती बाई तुझी आई होती हे कळल्यावर तुझं तिसरं नावही कदाचित काढतील. मी त्याचा विचार केला आहे. तुझ्या मोठ्या डॉक्टरांना मी सगळं इंग्रजीत लिहिलं आहे आणि ते पत्र याच्याबरोबरच आज टपालाच्या पेटीत टाकते आहे. तुला आधी विचारलं असतं, तर तू ‘टाक’च म्हणाली असतीस, मला ठाऊक आहे. पण मग ते तुझं झालं असतं. हे पत्र तुला कोणाला दाखवावं लागलं तर दाखव, म्हणून खाली पूर्ण नाव लिहिते. सकाळी भागी जिवलीला घेऊन आली होती. मी नवी बाटली काढून चिठ्ठी लिहायला बसले, तर म्हातारीने माझा हात धरला. मी तिला म्हटलं, भागी, या वेळी जिचं तिचंच लिहू दे. मग तिने हात सोडला. बाटली इथे माझ्यासमोर आहे. वर लिहिलं आहे, जिवली, आईचं नाव नवसी, करंजपाडा.

तुझीच आई,
नर्मदा सावे